मास्तरांची शनिवारची पुस्तकं

पुस्तक वाचून संपत नाही, कुणाला तरी सांगून संपतं, असं निसळ मास्तर म्हणायचे. त्या हिशेबाने माझ्याकडे सध्या बरीच पुस्तकं अर्धवट पडलेली आहेत.

परवा थोरल्या मुलीने शाळेतून एक पुस्तक आणलं. दुसऱ्या ग्रहावर जाणाऱ्या माणसांची गोष्ट. तिच्या आधी मीच ते वाचून काढलं. तिने विचारलं, "बाबा, कसं आहे?" मी म्हणालो, "बरं आहे." ती निघून गेली. खरं तर माझ्या तोंडात अख्खं वाक्य तयार होतं : 'त्या यानात माणसं चार बसवली आहेत आणि अन्न तिघांचं भरलंय, चौथ्याचं लेखकाने काय केलं?' पण हे वाक्य ज्याला सांगावं तो माणूस आता नगरात नाही. मुलीला सांगितलं असतं तर ती हसली असती. मास्तर हसले नसते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला असता आणि गंभीरपणे विचारलं असतं, "पाण्याचा हिशेब केलात?"

मी लोकल बोर्डात हिशेबनीस. आकड्यांशिवाय मला फारसं काही कळत नाही, आणि कळतं असा माझा दावाही नाही. मास्तरांची ओळख झाली तीही एका आकड्यामुळे. वाचनालयातलं एक इंग्रजी पुस्तक वाचताना मला राहवलं नाही आणि मी पेन्सिलीने समासात लिहिलं : 'येथे लेखकाचा गुणाकार चुकला आहे.' पंधरवड्याने माझ्या ऑफिसात एक उंच, किडकिडीत, बंद गळ्याच्या कोटातले गृहस्थ आले. ते पुस्तक माझ्या टेबलावर ठेवून, बरोबर त्याच पानावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हे अक्षर आपलं?"

मला वाटलं, आता वाचनालयाचा दंड. मी हो म्हणालो.

"मी पडताळून पाहिलं. तुमचं बरोबर आहे," ते म्हणाले. "शनिवारी दुपारी तोफखाना भागात माझ्या घरी या. चहा मिळेल."

हायस्कुलात विज्ञान शिकवून ते नुकतेच निवृत्त झाले होते. शनिवारी शाळा सकाळची असते, म्हणून दुपारी त्यांच्या पडवीत ही बैठक भरायची. पूर्वी बरेच जण येत असत म्हणे. मी गेलो तेव्हा दोघंच उरले होते. एक शेख गुरुजी, झेंडीगेटच्या उर्दू शाळेतले. गोल चेहरा, मेंदी लावलेली दाढी, आवाज असा की दुखणाईताची चौकशी करतायत असं वाटावं. दुसऱ्या रूथबाई, मिशनच्या मुलींच्या शाळेत शिकवायच्या. पांढरं पातळ, हातात कायम विणकाम. मी तिसरा. सगळे जण एकाच प्रकारची पुस्तकं वाचायचो : जे घडलेलं नाही आणि बहुधा घडणार नाही, ते. गुरुजी जादूनगरीच्या उर्दू कहाण्या आणायचे, मास्तर आणि रूथबाई यंत्रांच्या आणि ग्रहांच्या इंग्रजी कादंबऱ्या. मला जे मिळेल ते. मास्तरांना उर्दू वाचता यायचं आणि गुरुजींना इंग्रजी, म्हणून पुस्तकांची देवघेव चालायची.

बैठकीचे नियम मास्तरांचे होते आणि ते कुणासाठी वाकायचे नाहीत. आठवड्यात वाचलेलं पुस्तक ज्याने त्याने सांगायचं, पण शेवट सांगायचा नाही. मत द्यायचं ते कारणासकट. मग पुस्तक दुसऱ्याने घरी न्यायचं, आणि दुसऱ्याने वाचल्यावरच त्याला दहापैकी गुण पडायचे. न वाचलेल्या पुस्तकाला गुण नाहीत. भिंतीला एक पाटी टांगलेली होती, तिच्यावर पुस्तकांची नावं आणि गुण लिहायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. नावापुढची जागा कोरी असली की मास्तर कुरकुरायचे, "हे थकलंय. कोण वाचतंय हे?"

आणि सगळ्यांत मोठा नियम थापेचा. "लेखकाला एक थाप माफ," मास्तर म्हणायचे. "माणूस उडतो म्हणा, माझी हरकत नाही. पण उडाल्यावर त्याला वारा लागला पाहिजे, थंडी वाजली पाहिजे. दुसरी थाप मारली की मी पुस्तक बंद करतो."

या नियमावरून त्यांची आणि गुरुजींची जुंपायची. एकदा गुरुजींनी एक कहाणी सांगितली. अत्तराच्या डबीत एक अख्खं शहर असतं, राजकन्या झाकण उघडते आणि आत उतरते. गुरुजी सांगत होते ते इतकं सुरेख, की रूथबाईंच्या सुया थांबल्या.

मास्तर म्हणाले, "डबीत शहर मावलं, ठीक. ती एक थाप. पण त्या शहरातल्या विहिरीला पाणी कुठून येतं?"

"मास्तर," गुरुजी हात जोडून म्हणाले, "तुम्ही जन्नतमध्ये गेलात तरी दारातच विचाराल, इथे नळ किती वाजता येतो."

"विचारीनच. तुम्ही आधीच गेला असाल तर कळवून ठेवा."

"पाण्याचं राहू द्या," रूथबाई म्हणाल्या. "तुमच्या चंद्रावर सगळे पुरुष जातात. तिथे भांडी कोण घासतं ते एकाही लेखकाने अजून लिहिलेलं नाही."

आतून माईंचं, म्हणजे मास्तरांच्या पत्नीचं, हसणं ऐकू आलं. माई बैठकीत बसत नसत, पण उंबऱ्याच्या आतल्या बाजूला काहीतरी निवडत असायच्या आणि एकही शब्द त्यांच्या कानांतून सुटत नसे.

एवढ्या वर्षांत गुरुजी मास्तरांच्या एकाही मताशी सहमत झाले नाहीत. मास्तर सात म्हणाले की गुरुजी तीन म्हणायचे. मास्तरांना पुस्तक टाकाऊ वाटलं की गुरुजींना त्यात मोती सापडायचे. मला सुरुवातीला वाटायचं, यांचं पटत नाही. नंतर एकदा गुरुजी तापाने पडले आणि शनिवारी आले नाहीत, तेव्हा मास्तर एक पुस्तक अर्ध्यावर सांगून थांबले. म्हणाले, "आज नको. तुम्ही दोघं नुसतं ऐकून घेताय." आणि कोट चढवून झेंडीगेटला निघाले.

मास्तरांची पुस्तकं यायची भिंगारहून. लढाईच्या दिवसांत तिथल्या लष्करी कॅम्पात गोरे सोल्जर भरले होते. ते वाचून टाकलेली मासिकं आणि स्वस्तातल्या कादंबऱ्या रद्दीत घालायचे, आणि कॅम्पाजवळचा एक रद्दीवाला त्या मास्तरांसाठी बाजूला काढून ठेवायचा. मास्तर सायकलवर जाऊन पिशवीभर माल आणायचे. या पुस्तकांची मुखपृष्ठं मात्र भलतीच असायची. सरड्यासारखा राक्षस, त्याच्या हातात अपुऱ्या कपड्यांतली बाई, मागे जळतं विमान. माईंनी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा त्या इतकंच म्हणाल्या, "हे देवघराच्या भिंतीला लागून ठेवू नका." त्या दिवसापासून मास्तर प्रत्येक पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालू लागले. तेही त्यांच्या पद्धतीने. वर्तमानपत्राचं नाव पुढच्या बाजूला बरोबर मध्ये, सरळ आलं पाहिजे. वाकडं आलं तर काढून पुन्हा घालायचे. आम्हाला त्याची इतकी सवय झाली की त्यांच्या पुस्तकांना खरं मुखपृष्ठ असतं हे आम्ही विसरूनच गेलो.

लढाई संपली. कॅम्पातले गोरे हळूहळू गेले. त्याच सुमाराला मास्तरांनी सायकल चालवणं सोडलं. म्हणाले, "पायी चालणं बरं." मग बारीकसारीक गोष्टी होऊ लागल्या. त्यांच्या उजव्या हाताला ठेवलेला चहा सांडायचा. रूथबाई आल्या तरी, त्या बोलेपर्यंत, ते मान वळवायचे नाहीत. पाटीकडे बघून, "यावर काय काय लिहिलंय, वाचा जरा मोठ्याने, गुरुजींना ऐकू येत नाही," असं म्हणायचे. गुरुजींचे कान उत्तम होते.

याच दिवसांत मास्तरांची पुस्तकं फार चांगली होऊ लागली.

हे मी जपून लिहितो आहे, कारण मी सहसा कशाला फार चांगलं म्हणत नाही. सातावर गुण मी कधी दिले नव्हते. पण त्या महिन्यांत त्यांनी सांगितलेली पुस्तकं मला अजून आठवतात. एकात समुद्राच्या तळाशी राहणारी माणसं होती, ती एकमेकांना हातांच्या तळव्यांवरून ओळखायची. एकात अशी भूमी, जिथे पाऊस पडायच्या आधी त्याचा वास विकत मिळायचा. थाप प्रत्येकात एकच. बाकी सगळं चोख. मी घरी जाऊन आकडे मांडायचो आणि ते जुळायचे. एकदाही लेखकाचा गुणाकार चुकला नाही. तेव्हाच मला शंका यायला हवी होती, कारण त्या जातीच्या लेखकांचे गुणाकार चुकतातच.

शंका आधी रूथबाईंना आली. बैठकीहून परतताना त्या मला म्हणाल्या, "मास्तरांच्या पुस्तकांत हल्ली कुणाला चेहरा नसतो, लक्षात आलं का तुमच्या? आवाज असतो, वास असतो, हात असतात. रंग एकही नाही."

पाटीवर त्यांची नावं चढत होती आणि समोरची जागा कोरी राहत होती. पुस्तक वाचायला मागितलं की मास्तर म्हणायचे, "पुढच्या शनिवारी न्या, माझी टिपणं राहिलीत." पुढच्या शनिवारी म्हणायचे, "ज्याचं त्याला परत केलं." एकदा मी भिंगारला कामाने गेलो होतो, म्हटलं रद्दीवाल्याकडे तेच पुस्तक मिळतंय का बघावं.

"मास्तर व्हय?" तो म्हणाला. "लई दिस झालं, आलेच न्हाईत. आन् गोरे गेल्यापासनं विंग्रजी माल तरी कुठं येतोय? तुमाला मराठी मासिकं देऊ का?"

मी मासिकं घेतली नाहीत.

त्याच्या पुढच्या शनिवारी मास्तर एका परिच्छेदाचं भाषांतर वाचून दाखवत होते. पुस्तक नेहमीसारखं दोन्ही हातांत, चेहऱ्यासमोर. ओळ संपली की डोळे पुन्हा डावीकडे, पान संपलं की पान उलटायचं. सगळं ठाकठीक. फक्त कव्हरवरचं वर्तमानपत्राचं नाव उलटं होतं. ज्या माणसाला ते केसभर वाकडं खपत नसे, त्याच्या हातात पुस्तकच उलटं होतं. मी रूथबाईंकडे पाहिलं. त्या विणकामात मान घालून होत्या. गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी डोळे मिटून ऐकत होते, आणि मिटलेल्या डोळ्यांच्या कडा ओल्या होत्या.

चहाचे कप आत नेऊन द्यायच्या निमित्ताने मी माईंना गाठलं. त्यांनी कप हातातून घेतले आणि हळू आवाजात म्हणाल्या, "काचबिंदू आहे. मिशनच्या दवाखान्यात दाखवलं. आधी कडेचं गेलं, आता मधलं चाललंय. जे गेलं ते येत नाही म्हणाले डॉक्टर." मग थोडं थांबून, "मी म्हटलं, मला मराठी वाचता येतं, मी वाचून दाखवीन. तर म्हणतात, ते वाचणं नव्हे. आठवडाभर असे पडवीत बसून असतात. ओठ हलतात. मला वाटायचं, जप करतात."

दारातून बाहेर पडल्यावर आम्ही तिघं कोपऱ्यापर्यंत गेलो. तिथे रूथबाई म्हणाल्या, "आपण ऐकत राहायचं. एवढंच." मी मान हलवली. गुरुजी म्हणाले, "पण त्यांना गुण हवेत, बाई. ते दर शनिवारी पाटी वाचायला सांगतात, ते कशासाठी?"

गुरुजींनी बरोबर ओळखलं होतं. मास्तर आम्हाला फसवत होते असं मला कधी वाटलं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पुस्तकांवर त्यांनी मत दिलं होतं, आता त्यांची स्वतःची पुस्तकं पाटीवर होती, आणि ती बरी की वाईट हे त्यांना कुणी सांगत नव्हतं. सांगणार कसं? नियम त्यांचाच होता. "हिशेबनीस, वाचा," ते म्हणायचे. मी एकेक नाव वाचायचो. "पुढे?" "थकलंय, मास्तर." ते मान हलवायचे. "माझीच थकतात बरी," असं हसून म्हणायचे. ते हसणं दर शनिवारी थोडं कमी व्हायचं.

मग त्यांनी मंद हवेच्या गावाचं पुस्तक सांगितलं.

ते गाव अशा ठिकाणी होतं, जिथली हवा इतकी दाट, की आवाज तिच्यातून सरपटत जातो. स्वयंपाकघरातून मारलेली हाक ओट्यावर पोचायला वर्ष लागतं. म्हणून तिथली माणसं आज जे बोलायचं ते बोलत नाहीत, पुढच्या वर्षी समोरच्याला जे लागेल ते बोलून ठेवतात. आई रांगत्या मुलाला सांगते, पळू नकोस, पडशील. एका घरात नवरा ओट्यावर बसायचा आणि बायको आत चुलीपाशी. ती वारली. पण तिचं वर्षभराचं बोलणं अजून वाटेतच होतं. ते रोज थोडं थोडं त्याच्यापर्यंत यायचं. जेवायला या. दार लोटून घ्या, गार वारा येतोय. ती गेली त्याला वर्ष व्हायला आलं तसा तो ओट्यावरून हलेनासा झाला, कारण आता कुठलाही शब्द शेवटचा असू शकत होता.

इथे मास्तर थांबले. "शेवट नियमाप्रमाणे सांगत नाही," म्हणाले.

मी काहीतरी बोलावं म्हणून बोललो, "स्वयंपाकघर ते ओटा एक वर्ष, तर गावाच्या वेशीपर्यंत हाक जायला तीन पिढ्या लागतील, मास्तर."

"बरोबर," ते खूष होऊन म्हणाले. "म्हणूनच त्या गावात वेशीवर कुणी भांडत नाही."

आम्ही हसलो. आतून मात्र या वेळी माईंचं हसणं आलं नाही.

पुढच्या शनिवारी मास्तरांनी पाटी वाचायला सांगितली. मी मंद हवेच्या गावापर्यंत आलो आणि सवयीने म्हणालो, "थकलंय."

"नाही," गुरुजी म्हणाले. "ते मी वाचलं."

मास्तरांनी आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं.

"वाचलंत?"

"हां. मुंबईला माझा भाचा असतो, त्याने पाठवलं. तेच पुस्तक." गुरुजींना थाप मारायची सवय नव्हती, त्यांचा आवाज चढला होता. "फार सुंदर आहे, मास्तर. तुम्ही सांगितलंत तसंच. माझे नऊ गुण लिहा."

मी खडू उचलला आणि नऊ लिहिले. रूथबाईंनी माझ्याकडे पाहून घाबऱ्या घाबऱ्या मान हलवली, लिहू नका म्हणून. तेव्हा मला कळलं काय झालं ते. जे पुस्तक जगात नव्हतंच, ते वाचलं असं एकच माणूस म्हणू शकतो : ज्याला ते नाही हे ठाऊक आहे, आणि हे मास्तरांनाही उमगणार होतं. आणि त्यात गुरुजींनी मास्तरांचं मत मान्य केलं होतं. तेही पहिल्यांदाच.

मांडीवरच्या पुस्तकाच्या कव्हरवरून मास्तरांचा अंगठा फिरत होता. मग त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "शेवट काय आहे त्याचा, गुरुजी?"

आता मागे फिरायला जागा नव्हती. गुरुजींनी एकदा दाढीवरून हात फिरवला आणि सांगायला सुरुवात केली. वर्षाच्या शेवटच्या दिवशी त्या माणसाला न राहवून तो आत तोंड करून विचारतो, "कशी आहेस?" आणि त्याच क्षणी तिचा शेवटचा शब्द त्याच्यापर्यंत येऊन पोचतो : "मी बरी आहे. तुम्ही जेवलात का?" तो काय विचारील हे तिने वर्षभर आधी ओळखलं होतं. मग आवाज थांबतात. आत कुणी नाही हे त्याला माहीत आहे. त्याचं उत्तर चुलीपाशी पोचायला वर्ष लागेल, आणि तिथे ऐकायला कुणी नसेल, हेही माहीत आहे. "तरी तो म्हणतो," गुरुजी म्हणाले, "जेवलो."

उंबऱ्याच्या आत सुपातले दाणे सांडल्याचा आवाज झाला.

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. काही उपयोग नसताना. "हिशेबनीस," ते म्हणाले, "नऊ लिहिलेत का?"

"लिहिले."

"पुसा. न वाचलेल्या पुस्तकाला गुण नाहीत. नियम माझाच आहे."

मी पंच्याने नऊ पुसले. गुरुजी काहीतरी बोलू गेले, तर मास्तरांनी हात वर केला. रागाने नाही. "एक थाप माफ, गुरुजी. माझ्या किती झाल्या हे हिशेबनीसांना माहीत असेल, पण ते सांगणार नाहीत." मग आत वळून म्हणाले, "चहा आण गं. आज सगळ्यांना पुरा कप."

आम्ही चहा घेतला. पुस्तकांविषयी कुणी बोललं नाही. निघताना मास्तर नेहमीप्रमाणे दारापर्यंत आले, चौकटीला धरून उभे राहिले, आणि पहिल्यांदाच त्यांनी 'शनिवारी या' म्हटलं नाही. आम्ही तरीही गेलो. माई दारातच म्हणाल्या, "पडून आहेत." त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच. मग महिन्याभरात तोफखान्यातलं घर सोडून ती दोघं नेवाशाला पुतण्याकडे राहायला गेली. जाताना माईंनी पाटी माझ्याकडे पाठवली. ती पुसून धुऊन कोरी केलेली होती.

गुरुजींनी स्वतःला फार दोष लावून घेतला. "मी गप्प बसायला हवं होतं," ते मला भेटले की म्हणायचे. "तीन तरी म्हणायला हवं होतं. तीन म्हणालो असतो तर त्यांनी मानलं असतं." नेवाशाला जाऊन भेटू, असं ते दर महिन्याला ठरवायचे आणि त्यांचे पाय निघायचे नाहीत. श्रावणात त्यांना पुन्हा ताप आला. या वेळी ते उठले नाहीत. मातीला मी होतो, रूथबाई कबरस्तानाच्या फाटकाबाहेर उभ्या होत्या.

दिवाळीनंतर बोर्डाच्या तपासणीसाठी मला नेवाशाला जावं लागलं. काम दुपारीच संपलं. पुतण्याचं घर विचारत मी प्रवरेकडे उतरणाऱ्या गल्लीत गेलो. मास्तर ओट्यावर बसले होते. मांडीवर वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं पुस्तक, उघडलेलं. मी थोडा लांबच थांबलो. त्यांनी एक पान उलटलं. मग स्वस्थ. साधारण एक पान वाचायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ गेला, आणि त्यांनी पुढचं पान उलटलं. डोळे समोरच्या भिंतीकडे होते.

"कोण?" त्यांनी विचारलं.

मी नाव सांगितलं. त्यांचा चेहरा असा उजळला की मला खाली बघावंसं वाटलं. त्यांनी ओट्यावर हाताने जागा चाचपून दाखवली. रूथबाईंची चौकशी केली, माझ्या मुलींची केली. मग पुस्तक मिटलं, आणि जे बोलण्यासाठी ते इतके दिवस थांबले होते ते बोलले.

"गुरुजींना एक निरोप सांगाल? त्या दिवशी मी त्यांना नीट बोललो नाही. तो शेवट मला सुचत नव्हता, हिशेबनीस. महिनाभर धडपडलो. मला त्या माणसाला गप्पच बसवायचं होतं. त्यांनी त्याला बोलायला लावलं. त्यांना म्हणावं, पटला. पहिल्यांदाच पटलंय म्हणावं."

'सांगतो' एवढा एक शब्द म्हणून मला उठता आलं असतं. पण आमच्या बैठकीला एक थाप माफ होती आणि ती गुरुजींनी वापरून टाकली होती.

"गुरुजी गेले, मास्तर," मी म्हणालो. "श्रावणात."

नदीवर कुणीतरी धुणं आपटत होतं. तो आवाज येत राहिला. मास्तरांचे ओठ हलले, थांबले. मला वाटलं, आत माईंना हाक मारावी. मग त्यांनी मान थोडी उजवीकडे वळवली, पडवीत गुरुजी ज्या बाजूला बसायचे तिकडे, आणि नेहमीच्या, वाद घालायच्या आवाजात म्हणाले, "गुरुजी, शेवट पटला मला. दहा."

थोड्या वेळाने माझ्याकडे वळून म्हणाले, "तो शेवट मी ऐकलाय, त्याचा वाचक मी आहे. गुण देता येतात. लिहा."

पाटी नगरला होती. ओट्याच्या कडेला धूळ साचली होती, तिच्यात मी बोटाने दहाचा आकडा लिहिला.

"लिहिला," मी म्हणालो.

"मोठा?"

"मोठा."

नगरची मोटार सुटायची वेळ झाली होती. मी निरोप घेतला. गल्लीच्या वळणावर मागे पाहिलं, तर माई केरसुणी घेऊन बाहेर आल्या होत्या आणि ओटा झाडायला वाकल्या होत्या. मास्तरांनी घाईने हात आडवा केला.

"तिथं झाडू नकोस," ते म्हणाले. "तिथं लिहिलंय."

त्यांचा हात आकड्याच्या बराच डावीकडे होता. माईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, मग तो हात जिथे होता तेवढी जागा सोडली आणि बाकीचा ओटा झाडू लागल्या.